अर्धा तास मागून

फाट्यावर ताई खाली वाकल्या आणि बुटाची नाडी बांधू लागल्या. ती सुटलेली नव्हतीच. त्या दिवसाचा पुढारी, ज्याला सगळे चष्मिस म्हणत, "डावीकडे?" असं विचारून त्यांच्याकडे वळून बघत होता. त्याने नाडी पाहिली, समाधानाने मान हलवली, आणि मुलं नकाशा न उघडता डावीकडे वळली.

ताईंची लेक मात्र मागे थांबली.

"ताई, तुमची नाडी फक्त बरोबर वाटेवर सुटते."

ताईंनी मान वर केली.

"आणि वाट चुकत असली की तुम्ही उभ्या राहून झाडं बघता. कालच सगळ्यांच्या लक्षात आलंय."

अकरा वर्षं ताई नववी-दहावीच्या मुलांना आठ दिवसांच्या डोंगरसफरीवर नेत होत्या. चौथ्या दिवसापासून रोज एक मूल पुढारी, ताई सगळ्यांच्या मागे, आणि त्यांनी अवाक्षर काढायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला. अवाक्षर त्यांनी खरंच कधी काढलं नव्हतं. तोंडाला कुलूप घातलं तरी नाडी बोलत राहिली, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार? यंदा त्यांची लेकही सफरीला आली होती. तिची अट एकच. सफरीत आई म्हणायचं नाही, इतरांसारखं ताई आणि अहो-जाहो.

"उद्या माझी पाळी आहे," लेक म्हणाली. "मी मुक्कामाच्या निवाऱ्यापर्यंत नीट नेलं तरी हे म्हणणार, हिला काय, हिची आई मागून सांगते. आजच म्हणालेत."

"मग मी काय करू? डोळ्यांना पट्टी बांधून चालू?"

"अर्धा तास मागून या. दिसणार नाही इतक्या मागून."

ताईंनी नाही म्हणायला कारणं शोधली. एकही धड सापडेना. नवे सर मुलांबरोबर असणार होते. ते यंदाच लागले होते आणि ही वाट त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या तोंडाकडे बघून कोणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. शिट्टी तर सगळ्यांच्याच गळ्यात होती. तीनदा वाजली की असाल तिथे थांबायचं.

"बरं," ताई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाटलं, उगाच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं वळणाआड गेली तशा त्या एका दगडावर घड्याळ बघत बसल्या. अर्ध्या तासाच्या बोलीवर त्यांनी अठ्ठावीस मिनिटं कशीबशी काढली. मग निघाल्या. वाट छान होती, ऊन कोवळं होतं, आणि कितीतरी वर्षांनी त्यांना स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. बरं वाटत होतं, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

तासाभराने मोठा फाटा आला. जमिनीवर काटक्यांचा बाण मांडलेला होता. उजवीकडे.

निवाऱ्याची वाट डावीकडे होती. डावीकडची चढण, मग माथा, मग दोनच्या ठोक्याला निवारा. अकरा वर्षांत यात बदल नव्हता. उजवीकडची वाट कुठे जाते हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

त्यांनी शिट्टी तोंडात धरली. तीनदा फुंकलं की सगळे थांबले असते. आणि मग लेकीला सगळ्यांनी जन्मभर ऐकवलं असतं की हिला हिच्या आईने शिट्टी मारून थांबवलं.

शिट्टी तशीच ओठांत धरून त्या खाली बसल्या. पिशवीच्या तळातून, रेनकोटाखालून, त्यांनी नकाशा ओढून काढला. त्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. जे तोंडपाठ आहे त्याचं पुस्तक कोण उघडतं? चष्मा लावून त्यांनी वाटेवर बोट फिरवलं. डावीकडे उंचीच्या रेषांची नुसती दाटी होती, म्हणजे खडी चढण. उजवीकडे त्या लांब लांब होत्या. वाट डोंगराला वळसा घालत होती, तासभर जास्त, पण सपाट, आणि निवाऱ्याच्या मागच्या अंगाला उतरत होती.

मग त्यांना चष्मिसचा पाय आठवला. काल संध्याकाळी तो मुरगळला होता. पट्टी त्यांनीच बांधली होती, सकाळी तपासलीही होती, आणि सवयीने त्याला डावीकडच्या चढणीवर घातलं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. शिट्टी पुसून त्यांनी पुन्हा गळ्यात सोडली.

पुढे प्रत्येक वळणावर बाण होता. एका ठिकाणी तर दोन होते, बहुधा त्यांच्या वयाचा विचार करून.

निवाऱ्याच्या ओट्यावर बाराही मुलं ओळीने बसली होती. पाठीवरच्या पिशव्या उतरवलेल्या, पाणी भरलेलं, पण सगळ्यांच्या पायांत बूट. सरांच्यासुद्धा.

"ताई, केवढा उशीर," चष्मिस कळवळून म्हणाला. "पाऊण तास झाला, ही बूट काढू देत नाहीये."

"शेवटचा माणूस येईपर्यंत बूट काढायचे नाहीत," लेक म्हणाली. "शोधायला जावं लागलं तर? नियम ताईंचाच आहे."

नियम त्यांचाच होता. पण शेवटचा माणूस म्हणजे आपणही असू शकतो, हे अकरा वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

लेकीने ओळीवरून बोट फिरवत मोजलं. "बारा आम्ही, तेरावे सर, चौदाव्या ताई. काढा बूट."

ओट्यावर एकच धांदल उडाली. तेवढ्यात दुसऱ्या दिवशीचा पुढारी, एक बुटका, बोलघेवडा मुलगा, एका पायात मोजा आणि एका पायात बूट अशा अवस्थेत पुढे आला.

"ताई, उद्या माझ्या वेळीही मागून याल?"

"किती मागून?"

त्याने विचार केला. "तासभर चालेल."

सगळे हसले, ताईही हसल्या. त्या नाडी सोडायला खाली वाकल्या तर गाठ बसलेली. आज दिवसभरात त्यांनी तिला हात लावला नव्हता. लेक शेजारी येऊन टेकली. ताईंच्या पिशवीतून नकाशाचं अर्धवट उलगडलेलं टोक बाहेर आलं होतं. तिने तो ओढून घेतला, नीट घडी घातली आणि वरच्या कप्प्यात सरकवला.

"उद्यापासून इथे ठेव," ती हळूच म्हणाली. "म्हणजे फाट्यावर इतका वेळ बसावं लागणार नाही, आई."