ठेंगू चिकटला

“मॅडम, इकडे या. बघा कसा चिकटलाय,” म्हणत सहकाऱ्याने स्कॅनचा पडदा तिच्याकडे वळवला.

करड्या चित्रात मूत्रपिंडे उजळली होती; ती उजळायचीच, औषध तिथूनच बाहेर पडते. पण यकृतात, कण्यात, बरगड्यांतही ठिपके चमकत होते. रुग्णाच्या नावाच्या जागी नुसता क्रमांक होता.

चिकटला तो ठेंगू. कर्करोगाच्या पेशी शोधायला आजवर अँटिबॉडी वापरत. ती जाडजूड, गाठीपर्यंत पोचायला दिवसचे दिवस घेणार. तिच्या जागी या गटाने प्रयोगशाळेत एक इवलेसे प्रथिन घडवले होते, टोचले की त्याच दिवशी गाठीला जाऊन भिडणारे आणि अंगावरच्या किरणोत्सर्गी खुणेमुळे स्कॅनमध्ये चमकणारे; त्याचेच लाडके नाव ठेंगू. कित्येक वर्षे ते कुठे म्हणून चिकटेना. त्यामुळे ठिपका दिसला की टाळ्या वाजवायच्या, ही साऱ्यांची सवयच झाली होती. आताही वाजल्या. तीही हसली.

मग तिला चित्रातल्या मांडीच्या हाडात सळई दिसली. तिलाच सायकल शिकवताना आई पडली होती, तेव्हा बसवलेली.

चाचणीत आज आईही होती. कामात नात्याची भेसळ नको म्हणून तिने कुणाला सांगितले नव्हते. जुन्या तपासणीत आईला एकच गाठ दिसली होती. तेवढीच असेल तर काढून टाकू, असे सर्जन म्हणाले होते. आता काढणार तरी काय काय?

“पार्टी लागू झाली तुमच्याकडे,” सहकारी म्हणाला.

“देईन की,” म्हणत ती बाहेर आली. आपण हसलो, याची तिला शिसारी आली होती. ठेंगू नापास झाला असता तर बरे, असेही मनात येऊन गेले. पण तो चुकला असता तरी गाठी तिथे असत्याच, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते?

आई बाकावर चपला काढून बसली होती.

“दिसलं का गं काही?”

“दिसलं.”

“तुझ्या ठेंगूनं दाखवलं?”

“हो.”

आई तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. “मूर्ती लहान पण कीर्ती महान. मी म्हणत नव्हते?”

ती शेजारी बसली. आईने तिचा हात थोपटला आणि मावशीला फोन लावला.

“अगं, पोरीचं औषध चाललं. हो, पहिल्याच फटक्यात. काही म्हणून लपू दिलं नाही त्यानं.”

पलीकडून मावशी काहीतरी विचारत होती.

“माझं राहू दे गं, ते मागाहून बोलू,” आई म्हणाली. “आधी तिचं कौतुक कर.” आणि तिने फोन लेकीच्या कानाला लावला.