आखडलेली गाडी

खंडेनवमीपासून शिरोळ्यांच्या गॅरेजमधली इंग्लिश गाडी आखडायला लागली. शेजारच्या अमेरिकन गाडीचं कुणी मनापासून कौतुक केलं, की ही वीतभर लहान व्हायची. आत प्रतापचे वडील बसलेले. गाडीच्या मापानं आबाही लहान होत चालले होते.

कारण काय, तर पूजेचा पहिला हार प्रतापनं स्वतः घेतलेल्या अमेरिकन गाडीला घातला. "घरात आधी आली कोण?" म्हणून आबा तणतणत आपल्या गाडीत जाऊन बसले आणि आतून कड्या लावल्या.

"आबा, बाहेर या की. किती ताणायचं?"

"आधी हिला चांगलं म्हण. पोटातनं म्हण."

प्रताप म्हणायचा, पण दातओठ खाऊन. त्यानं गाडी तसूभर वाढायची नाही आणि त्याच्या डोक्यात तिडीक जायची. म्हातारा जीव देईल, पण हेका सोडायचा नाही, असं तो बायकोला म्हणाला.

गाडी खाटेएवढी झाली तेव्हा मात्र त्याची पाचावर धारण बसली. त्यानं पुण्याहून सरदेसायांना बोलावलं. जुन्या गाड्या जमवणारा दर्दी माणूस. त्यांच्या तोंडून खरं कौतुक झालं, की गाडी वाढेल आणि आबा सुटतील.

"अमेरिकनबद्दल चांगलं अवाक्षर काढू नका," त्यानं दारातच बजावलं.

सरदेसाई गुडघे टेकून बसले. डॅशबोर्डचं लाकूड बघितलं, सीटच्या चामड्याची शिवण बघितली. "काय नजाकत आहे हो," ते म्हणाले. गाडी हातभर लांबली. "आणि रंग अजून मूळचाच." आणखी लांबली. आबांचे पाय मोकळे झाले. त्यांनी कडीवर हात ठेवला.

"खरं सांगू?" सरदेसाई म्हणाले. "हिच्यापुढं तुमची अमेरिकन म्हणजे नुसतं धूड. चढाला धापा टाकत असेल."

आता गप्प बसायचं की नाही माणसानं? पण प्रतापच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला सांगताय? आंबा घाट एका दमात चढते ती. हे इंग्लिश खटारं पन्हाळ्याच्या पायथ्यालाच वाफा सोडतंय."

अगदी पोटातनं बोलला. इंग्लिश गाडी काडेपेटीएवढी झाली.

"इतकी ताकद? ऐकू तरी द्या," म्हणत सरदेसाई अमेरिकन गाडीत चढलेसुद्धा. किल्ली तिथंच होती. गॅरेज दणाणलं.

"उतरा खाली," प्रताप ओरडला. इंजिनापुढं त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही.

जमिनीवरच्या त्या इवल्या खिडकीतून तांदळाएवढा हात बाहेर आला. उजवीकडं वळतोय, अशी रीतसर खूण केली. कितीही संतापले तरी आबा हात दाखवल्याशिवाय वळायचे नाहीत. गाडी वळली आणि अमेरिकन गाडीच्या पुढच्या चाकासमोर आडवी उभी राहिली.

सरदेसायांनी गिअर टाकला.