गावंडे सरांची नळी

लघवीची नळी बदलून झाली आणि नर्स जुनी नळी घेऊन लाल डब्याकडे वळली, तशी खाटेवरून गावंडे सरांनी हाक मारली, "ओ सिस्टर! थे फेकू नका. माही हाये थे."

नर्स जागच्या जागी थांबली. माणिकबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! आता याहिले नळी घरी न्याची हाये. शोकेसात मांडतील."

"घरी कायले? कहकशाँच्या लॅबमध्ये जाईल. कापून, रंगवून पाहाची हाये मले. एवढे दिवस माह्या पोटात कोन राहून राहिलं, थे तं समजू द्या."

खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या कहकशाँला, सरांच्या जुन्या विद्यार्थिनीला, हसू आवरेना. सकाळी माणिकबाईंचा घाबरा फोन आला होता, "नळी बंद पडली वो, पोट नुसतं फुगून राहिलं," तेव्हा ती अकोल्याच्या आपल्या कॉलेजात दिवाळीच्या सुट्टीआधीची आवराआवर करत होती. तशीच ॲप्रन काढून धावत आली होती. प्रोस्टेटमुळे सरांना नळी घातली होती आणि पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन व्हायचं होतं. आता डॉक्टर म्हणाले, नळीतून जंतुसंसर्ग झाला आहे, तो गेल्याशिवाय ऑपरेशन नाही. ते ऐकून माणिकबाई रडल्या होत्या. आणि सरांना पडली होती ती नळीची!

डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं. मग कहकशाँने आपण जिवाणूशास्त्र शिकवतो, सगळी काळजी घेऊ, नंतर रीतसर नष्ट करू, असं सांगितलं तेव्हा नळी एका घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करून तिच्या हवाली झाली.

रिक्षातूनच तिने आपल्या जुन्या मैत्रिणीला, प्राजक्ताला, फोन लावला. प्राजक्ता दिवाळीसाठी पुण्याहून माहेरी, नांदगाव खंडेश्वरला आली होती.

"कोणाची नळी?" प्राजक्ताने दोनदा विचारलं. आणि मग म्हणाली, "तू एकटी कापू नको. मी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीतून उतरली. पुण्याच्या एका कंपनीत ती अशाच नळ्यांवर द्यायच्या लेपांचं संशोधन करायची. जिवाणूंनी नळीवर घर करू नये, यासाठी असतो तो लेप. केस थोडे पिकले होते, बोलणं पुण्याचं झालं होतं. पण लॅबच्या दारात पाऊल टाकताच ती थबकली आणि तिने खोल श्वास घेतला. वाफेने भांडी निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचा दमट वास, स्पिरिटचा वास, जिवाणू वाढवायला शिजवलेल्या अगारचा वास.

"अगदी अमरावतीसारखा वास येऊन राहिला, कहकश," ती म्हणाली. 'राहिला' आपोआप आलं, तिच्या लक्षातही आलं नाही.

वीस वर्षांपूर्वी दोघी अमरावतीला गावंडे सरांच्या हाताखाली एम.एस्सी. करत होत्या. एकच खोली, एकच स्टोव्ह. प्राजक्ताच्या घरून ज्वारीचं पीठ यायचं, कहकशाँच्या अम्मीकडून लोणचं आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा. संध्याकाळी लॅबमधून निघाल्या की कोपऱ्यावरच्या गाडीवर दह्यातला गिला वडा. जिवाणू रंगवताना बोटांवर पडलेला जांभळा रंग साबणाने जायचा नाही, म्हणून गाडीवाला दोघींना 'जांभूळवाल्या' म्हणायचा. सर स्वतः दवाखान्यांत फिरून मुदत संपलेल्या कोऱ्या नळ्या मागून आणत. दोघी त्यांचे तुकडे करायच्या, त्यांवर चांदीचा पातळ लेप चढवायच्या आणि जिवाणूंच्या पाण्यात सोडायच्या. पहिल्या दिवशी तुकडे लख्ख असत. दोघी नाचायच्या. आठवडा होईतो चांदीवर मेलेल्या जिवाणूंचा थर बसे आणि त्या थरावर जिवंत जिवाणू खुशाल संसार मांडत. दोघी रडकुंडीला यायच्या. सर मात्र भिंगाखाली पाहून म्हणायचे, "वा! काय चिवट हाये हे जात!" त्यांना शत्रूचंही कौतुक होतं.

आता दोघींनी हातमोजे चढवले. कहकशाँने नळीचा तुकडा उभा चिरला. आत पिवळसर, खरबरीत थर होता, जुन्या बंबात साचतो तसा. तुकडा अलगद धुतला, जांभळ्या रंगात ठेवला, पुन्हा धुतला. प्राजक्ताने न सांगता चिमटा पुढे केला, कहकशाँने न बघता घेतला. वीस वर्षांत कहकशाँच्या शेजारी उभं राहून असं काम कुणी केलं नव्हतं. ती विद्यार्थ्यांना शिकवायची, त्यांचे प्रयोग तपासायची. पण स्वतःला काही शोधायचं आहे म्हणून नळी कापणं तिचं केव्हाच सुटलं होतं. एम.एस्सी. झाली आणि अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. प्राजक्ता पुढे शिकायला पुण्याला गेली, कहकशाँ अकोल्याला परतली. यात कुणाचीच चूक नव्हती.

ताप उतरल्यावर सरांना घरी सोडलं. घरी जाण्याआधी त्यांनी कॉलेजात जायचा हट्ट धरला. कहकशाँ फोटो पाठवते म्हणाली, तर म्हणाले, "फोटोत काय पाहू? उभ्या जन्मात कोनाले फोटो पाहून पास केलं नाई म्या." शेवटी चाकाच्या खुर्चीत बसवून, लघवीची पिशवी शालीखाली झाकून माणिकबाईंनी त्यांना आणलं. सुट्टीमुळे इमारत रिकामी होती; प्राजक्ता मात्र यासाठीच थांबली होती. लॅबमध्ये आल्यावर सरांनी आधी शर्टाची कॉलर नीट केली.

कहकशाँने सूक्ष्मदर्शक टेबलाच्या काठाशी आणला. सर वाकले. भिंगाला लावलेला डोळा काढेचनात. माणिकबाई काळजीने पुढे झाल्या.

"अवो, बरं वाटून राहिलं ना?"

"चूप राह्य," सर म्हणाले, पण मऊ आवाजात. "वस्ती पाहून राहिलो. हे पाह्य, या खड्यासारखे दिसतात ना, थे क्षार. यानंच नळी बुजली. अन् हे जांभळं सारं त्याहिचं. एक जन येऊन चिकटते, मंग दुसरा. मंग सारे मिळून अंगावर गोधडी घेतात. औषध गोधडीच्या वरून निंगून जाते."

माणिकबाईंनीही डोळा लावून पाहिलं. "एवढं सारं तुमच्या पोटात? अन् मी म्हनत होती, मानूस चिडचिड काहून करून राहिला!"

सगळे हसले. मग सरांनी प्राजक्ताला विचारलं, "तू आता काय करतं तठी पुन्यात?"

प्राजक्ताने सांगितलं. तिच्या लेपात चांदी नव्हती. जिवाणूंना मारणारं काहीच नव्हतं. पाणी धरून ठेवणारा, बुळबुळीत असा तो थर होता. त्यावर जिवाणूला पाय रोवताच येत नाही. मेलेल्यांचा खच पडत नाही, म्हणून त्यावर पुन्हा वस्ती होत नाही. निदान प्रयोगशाळेत तरी होत नाही. माणसांवरची चाचणी अजून सुरू व्हायची होती.

"मारू नका, बसूच देऊ नका," सर मान डोलवत म्हणाले. "हे तूच म्हनत होती तवा. आठोते मले."

"मी नाही, सर." प्राजक्ताने कहकशाँकडे पाहिलं. "ही म्हणाली होती. खोलीवर डबे घासताना. तेलकट डब्यावर पाणी थांबत नव्हतं, तर म्हणाली, 'आपुन यायले मारत काहून बसलो? बसूच नाई दिलं तं?' मी पुण्याला पहिल्या मुलाखतीत हेच वाक्य सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, कहकश."

कहकशाँला काही केल्या ते आठवेना. डबे आठवत होते, राखेने घासलेले. नळाची बारीक धार आठवत होती. पण ते वाक्य तिच्या ओठांवर कधी आलं होतं, याची मनात खूणसुद्धा नव्हती. ती खिडकीपाशी गेली आणि उगाच पडदा सारखा करत राहिली. आपण मागे ठेवून आलो असं जे तिला इतकी वर्षं वाटत होतं, ते कुणीतरी सोबत नेलं होतं, जपलं होतं, मोठं केलं होतं. डोळे भरून आले, आणि ते दुःखाने आले की कशाने, हे तिलाच कळेना.

"मंग माह्या पुढच्या नळीले लाव ना तुमचा लेप," सर म्हणाले.

"नाही, सर. परवानगीशिवाय नाही लावता येत."

"मी देतो परवानगी."

"तुमची नाही चालत," प्राजक्ता म्हणाली. सरांनी हुं केलं. त्यांना वाईट वाटलं, पण उत्तर बरोबर होतं. एखाद्या विद्यार्थ्याने तोंडी परीक्षेत दिलं असतं तर त्यांनी पूर्ण गुण दिले असते.

जाताना प्राजक्ताने बसस्टँडवर कहकशाँचा हात धरला. "लेप दिलेले तुकडे पाठवते. आमच्याकडे ठरावीक, पाळलेले जिवाणू आहेत. मला इथल्या दवाखान्यांतले, खऱ्या पेशंटचे हवेत. कंपनीचं आणि तुझ्या कॉलेजाचं परवानगीचं पत्र मी जुळवते. करशील?"

"वर्ग संपल्यावरच वेळ मिळते मले," कहकशाँ म्हणाली.

"तेव्हाही तसाच मिळायचा आपल्याला."

डिसेंबरात पार्सल आलं. कहकशाँने दुपारनंतरचे दोन तास राखून ठेवले आणि पुन्हा नळीचे तुकडे करायला लागली. पहिल्या खेपेला काही तुकडे स्वच्छ राहिले, काहींवर कडेकडेने थर धरलाच. लेप कापल्या कडेला उचकटत होता. तिने प्राजक्ताला तसं कळवलं, कंपनीला आवडणार नाही हे माहीत असूनही. प्राजक्ताचं उत्तर आलं: "हेच हवं होतं."

जानेवारीत सरांचं ऑपरेशनही झालं. साधीच नळी, वेळेवर बदललेली, आणि औषधं. तेवढ्याने संसर्ग आटोक्यात आला होता. त्यानंतर काही दिवसांनी कहकशाँ तासावर असताना फोन वाजला. नाव पाहून ती वर्गाबाहेर आली.

"कहकशाँ, नळी काढली!" सर ओरडत होते. "अन् लघवी झाली. माही मले झाली!"

मागून माणिकबाईंचा आवाज आला, "अवो, हळू बोला, सारा वार्ड आयकून राहिला!"

"आयकू दे," सर म्हणाले. "कहकशाँ, तू सांग, तुह्या तुकड्यायचं काय झालं? कडा निघून राहिल्या म्हने?"

ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्यांना सगळं सांगू लागली.