रुसलेला चारशे बारा

हे लिहायचंच नव्हतं खरं तर. कॉम्प्युटरच्या फॉर्म्युल्यावर कुणी गोष्ट लिहितं का? पण राहवत नाही, म्हणून सांगतो.

रंगाच्या दुकानात एक पोरगा होता. कॉम्प्युटर आपला आपणच शिकलेला, म्हणून मालक त्याला ‘इंजिनिअर’ म्हणून चिडवायचे. शेजारी रंग मिसळायच्या मशीनवर एक पोरगी, चिमणी. तोंडाला विश्रांती नाही, म्हणून चिमणी. शेड्सना कंपनीचे नंबर होते, पण कॉम्प्युटरवरच्या ऑर्डरींच्या शीटमध्ये ही आपलीच नावं टाकायची. रुसलेला निळा. आजारी पिवळा. सात महिन्यांपूर्वी ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. नावं राहिली.

एका सकाळी मालक म्हणाले, "इंजिनिअर, दुपारपर्यंत सगळ्या नावांच्या जागी नंबर पाहिजेत. मग तो नावांचा जुना कॉलम उडव."

चार हजार ओळी. डब्यांच्या झाकणांवर तिने नावं लिहिलेली, खाली नंबर छापलेले. त्याने जोड्या लावल्या, नाव काढून नंबर घालणाऱ्या सबस्टिट्यूट फॉर्म्युल्याच्या पोटात दुसरा सबस्टिट्यूट कोंबला, एंटर मारलं. साधा ‘निळा’, नंबर ४१२, आधी बदलला, त्यात ‘रुसलेला निळा’मधलाही ‘निळा’ गेला आणि शीटभर ‘रुसलेला ४१२’ झालं.

मालक हसून हसून खोकायला लागले. "आता नंबरपण रुसतात का रे?"

लांब नावं आधी घेतली, तेव्हा जमलं. नावांशेजारच्या नव्या कॉलममध्ये नंबर उतरले. एकच ओळ बदलेना : ‘सुट्टीचा रंग, अर्धा लिटर. गिऱ्हाईक : मीच.’ तारीख तिच्या शेवटच्या दिवसाची. झाकण कुठेच नाही.

सात महिने लावायचा राहिलेला फोन त्याने चिमणीला लावला.

"बोला इंजिनिअर! आहात का जिवंत?"

"‘सुट्टीचा रंग’ कुठला नंबर गं?"

चिमणी आधी खुदकन हसली.

"त्याला नंबर नाही, बावळटा. सुट्टीदिवशी माल मोजायला आलास, हिरवा शर्ट खुंटीला टांगलास. तो मशीनसमोर धरून त्याचा रंग काढला मी. इथे खिडकीला लावलाय."

त्याने माउस नावांच्या कॉलमवरून बाजूला घेतला.

"नंबर विचारतोयस म्हणजे माझी नावं पुसतोयस ना?"

"नाही गं. नंबर तुझ्या नावांवरूनच निघतात, तो कॉलम उडवला तर सगळे मोडतात, असं सांगतो मालकांना. खोटंही नाही ते. लपवून ठेवतो फक्त. येत्या सुट्टीला तुझ्याकडे येतो, तोच शर्ट घालून. शब्द देतो."