चार बोटं पाणी

भोक टाचणीच्या डोक्याएवढं होतं. धक्क्यावर पालथी पडून दिन्का होडीच्या पाण्यालगतच्या फळीवरून बोट फिरवत होती, तेव्हा ते नखाला लागलं. शेजारी दुसरं, मग तिसरं. लाकूड पोखरणाऱ्या या जिवाला गावात सगळे किडा म्हणत. खरं तर तो शिंपल्यांच्या कुळातला. अगदी लहान असताना तो आत शिरतो आणि मग लाकडाच्या रेषेबरोबर आतल्या आत वाढत जातो, बोटाएवढा जाड होईपर्यंत. दार मात्र तेवढंच राहतं. बाहेरून फळी धडधाकट दिसते. तिने पिशवीतला स्क्रू-ड्रायव्हर काढून भोकाशी टेकवला आणि जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

होडीचं नाव पेरिना. इथे मरीना, म्हणजे यॉटचा तळ, व्हायच्या आधी या धक्क्यावर गावातल्या कोळ्यांच्या होड्या लागत. आता सगळीकडे यॉट होत्या, हिवाळ्यासाठी पांढरी आवरणं घालून ओळीने उभ्या, आणि त्यांच्यामध्ये कोपऱ्यातल्या जुन्या हक्काच्या जागेवर ही एकटी लाकडी होडी. फ्रानेने, दिन्काच्या नवऱ्याने, तिला आपल्या आईचं नाव दिलं होतं. मासेमारीवर भागेना तेव्हा तो लोकांच्या यॉट पोहोचवायला लागला. असाच एका जानेवारीत कुणाचीशी यॉट समुद्रापलीकडे इटलीला न्यायला निघाला. डोंगरावरून वारा सुटला. यॉट सापडली, फ्राने सापडला नाही. त्याला आता तिसरं वर्ष संपत आलं होतं. दिन्काने काळे कपडे घातले नाहीत, चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना सांगितली नाही. पेरिनाबद्दल कुणी काही विचारलं की ती म्हणे, "होडी फ्रानेची आहे. फ्रानेला विचारायला हवं."

दर वसंतात फ्राने होडी वर ओढून तिच्या तळाला तांब्याचा लाल रंग देत असे. किड्याला दूर ठेवणारं त्या रंगातलं तांबं एका हंगामापलीकडे टिकत नाही, हे समुद्राच्या पाण्याचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या दिन्काइतकं नेमकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पण नवा रंग द्यायचा तर जुना खरवडावा लागतो, आणि जुना रंग फ्रानेच्या हातचा होता. त्याऐवजी ती दर शनिवारी येऊन होडीच्या तळातलं पाणी पट्टीने मोजत असे. चार बोटं. नेहमीच चार बोटं. फळ्यांमधल्या फटी अजून घट्ट आहेत, असा निष्कर्ष तिने काढला होता.

आज गुरुवार होता. ती काम करत असलेल्या समुद्र-संशोधन केंद्रासाठी मरीनातल्या पाण्याचे नमुने घ्यायचे म्हणून ती आली होती. उठून होडीत डोकावली, तर पाणी बसायच्या फळीपर्यंत चढलेलं.

"मावशी, अशा दगडावर काय पडता? थंडी भरेल ना!" मरीनाचा कारभार बघणारी लोरेना लगबगीने येत होती. बेकरीवाल्याची ही पोर दिन्काच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. "बरं झालं भेटलात. उद्या क्रेन येतेय, यंदाची शेवटची. पेरिनाला आता पाण्यात नाही ठेवता येणार. इथे बुडाली तर हा शेजारचा तरंगता राजवाडा आहे ना, त्याचा मालक माझा जीव खाईल."

"वर काढून ठेवणार कुठे?"

"रेस्टॉरंटसमोर! मस्त वॉर्निश मारून घेऊ. उन्हाळ्यात आत बर्फ, बर्फावर कोळंबी, कालवं. येणारा जाणारा फोटो काढेल. खरंच मावशी, जपली जाईल हो ती."

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. दिन्काला ते कळत होतं, म्हणून रागही धड येईना.

"फ्रानेला विचारायला हवं," ती म्हणाली.

लोरेनाने नजर खाली वळवली. हे उत्तर साऱ्या गावाला पाठ होतं. "बरं. पण उद्या सकाळपर्यंत सांगा. बेपोकाकांनाही आता झेपत नाही. दोन दिवस आले नाहीत, तर बघा किती भरलीय."

"बेपोला काय झेपत नाही?"

"पाणी उपसायला येतात ना ते रोज पहाटे..." लोरेना थांबली. "मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय त्यांना." मग ऑफिसात फोन वाजत असल्यासारखी ती घाईने निघून गेली.

बेपो हा फ्रानेचा थोरला भाऊ. दर्यावर्दींचा रक्षक असलेल्या संत निकोलाच्या मंडळाचा यंदाचा प्रमुखही तोच. डिसेंबरच्या सुरुवातीला संताच्या दिवशी चर्चसमोर एक जुनी लाकडी होडी जाळायची आणि तिची राख नव्या होडीच्या कण्याखाली घालायची, ही गावाची रीत. होडी मालकाने आपल्या तोंडाने द्यावी लागते. कुणी मागायची नसते. मागून आणलेली संताला चालत नाही. यंदा अजून कुणी दिली नव्हती. लोकांकडे आता फायबरच्या होड्या. सगळा शरद ऋतू बेपो दिन्काच्या स्वयंपाकघरात बसून ऑलिव्हच्या पिकाबद्दल बोलला, सरकारबद्दल बोलला, आपल्या खुब्याबद्दल बोलला. होडीबद्दल अवाक्षर नाही.

आता तो काठी टेकत धक्क्यावरून येत होता. दुसऱ्या हातात बादली.

"काय नवरीबाई, आज बाटल्यांत काय भरलंस? शॅम्पेन लागली का कुठे?" लग्नाला तीस वर्षं झाली तरी दिराच्या तोंडी ती नवरीच होती. तिथे तसंच म्हणतात.

"तू रोज पाणी उपसतोस?"

बेपोने बादली खाली ठेवली. "ही लोरेना म्हणजे नुसता रेडिओ आहे."

"कधीपासून?"

"तो निघाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून."

"आणि चार बोटं?"

"कोरडी ठेवली असती तर तुला संशय आला असता. तू शास्त्र शिकलेली बाई." त्याने टोपी मागे सरकवली. "एका शनिवारी तू पट्टी घालून मोजलंस. चार बोटं निघाली. घरी जाताना माझ्या दारावरून गुणगुणत गेलीस. म्हटलं, हिला चार मानवतात. मग चारच ठेवत आलो."

दोन वर्षं ती जे मोजत होती, ते होडीचं पाणी नव्हतंच.

"परवा आत पडलो," बेपो सांगत होता. "पाय वर येईना. पाण्यात बसून फ्रानेला आईवरून शिव्या घातल्या. मोठमोठ्याने. मग लक्षात आलं, आई माझीपण तीच."

दिन्काला हसू आलं. हसता हसता तिने तोंडावर हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. बेपो तेवढा वेळ मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला.

"सोमवारी खुबा बदलणारेत," तो म्हणाला. "त्यानंतर बघू."

पुढचं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलं. त्याने ते गिळलं. विचारायची त्याला मुभा नव्हती, आणि मुभा असती तरी त्याने विचारलं नसतं. त्याने खुंटाला एक हात घातला, दुसऱ्या हाताने बादली उचलली आणि दुखरा पाय होडीच्या काठाकडे सोडला. पाय पोहोचेना. हवेतच थरथरत राहिला.

"बेपो, काय करतोस?"

"थोडं काढतो. चार बोटांवर आणतो. अंधार पडायला वेळ आहे अजून."

तिने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. बादली धक्क्यावर घरंगळत गेली.

"नको उतरूस," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. "फ्राने गेला, बेपो. होडी माझी आहे. निकोलाला दिली."