भाताच्या शितांनी चिकटवलेलं पान

मित्रांनो, माझं एकेचाळिसावं पान जरा जपून उलटा. ते भाताच्या शितांनी चिकटवलेलं आहे.

मी गोष्टींचं पुस्तक नाही, कवितांचंही नाही. नव्या मोटारीबरोबर जे माहितीपुस्तक मिळतं ना, ते मी. नव्वद पानांचा, इंग्रजी, आता पिवळा पडलेला. चाकांत हवा किती भरावी, कुठला दिवा लागला की गाडी थांबवावी, हे सगळं मला ठाऊक आहे. पण मला तोंड नाही. कुणी उघडलं तरच मी बोलतो.

एकोणीसशे पंच्याऐंशी साली मी बोरिवलीत आलो, डॉक्टर सुलक्षणाबाईंच्या घरी. बाई लहान मुलांच्या डॉक्टर. सकाळी बोरिवलीचा दवाखाना, संध्याकाळी दहिसरचा. छोट्या गाडीसाठी त्यांनी नाव नोंदवून ठेवलं होतं. सोडतीत नंबर लागला तेव्हा सगळ्या सोसायटीला पेढे वाटले. त्यांचे यजमान नंदकुमार विमा कचेरीत होते. माणूस भला, हौशी, पण हात स्वस्थ बसायचे नाहीत. त्यांनी दुरुस्त केलेला रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही आणि मिक्सरचे दोन स्क्रू अजून उरलेले आहेत. म्हणून गाडी दारात लागली त्याच दिवशी बाईंनी बजावलं, "अहो, ही माझी कामाची गाडी आहे. हिला तुम्ही हात लावायचा नाही हं!"

नंदकुमारांनी गाडीला नाही, मला हात लावला. खाकी कव्हर घातलं, वर स्वस्तिक काढलं. दसऱ्याला पाटावर सरस्वतीशेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी हरखून गेलो. पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडत नाहीत म्हणे. म्हटलं, उद्या उघडतील. उद्या उजाडला आणि मी गाडीच्या कप्प्यात जाऊन पडलो.

मला पहिल्यांदा उघडलं ते ड्रायव्हर सहदेवनं. सहदेव कोकणातला. बावीस वर्षं गिरणीत तेलवाला होता, म्हणजे यंत्रांना तेल देणं हेच त्याचं काम. त्याच्या हातून सूत कातणारी एक चाती जळाली नाही, हा त्याचा अभिमान. संपात गिरणी सुटली, मग तीन वर्षं टेम्पो चालवला आणि मग बाईंकडे लागला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण आकड्यांना आणि चित्रांना इंग्रजी कशाला लागतं? बाई दवाखान्यात असल्या की तो हात पुसून मला बाहेर काढायचा आणि एकेक पान न्याहाळायचा. एकेचाळिसाव्या पानावर तेलाच्या थेंबाचं चित्र आहे, शेजारी तक्ता, आणि त्यात आकडा आहे वीस-चाळीस. सहदेवनं कानामागची पेन्सिल काढली आणि त्या आकड्याभोवती गोल केला. मला गुदगुल्या झाल्या.

हे आकडे म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. पहिला आकडा इंजिन गार असताना तेल किती घट्ट असतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती घट्ट राहतं ते. नव्या इंजिनांच्या आतल्या फटी केसाएवढ्या. गाडी सुरू झाली की तेल झटकन वर चढायला हवं. फार पातळ असलं तर टिकत नाही, फार जाड असलं तर वेळेवर पोचत नाही.

डिसेंबरात इंजिन टिकटिक करू लागलं आणि तेल बदलायची वेळही आली. एका रविवारी बाई मुलुंडला बहिणीकडे गेल्या होत्या. नंदकुमार म्हणाले, "चल रे सहदेव, चेकनाक्यावर जाऊन येऊ."

दहिसरच्या चेकनाक्याजवळ दशरथचं गॅरेज होतं. जुन्या टॅक्सी आणि ट्रक हाताळण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानं डब्यातल्या तेलात दोन बोटं बुडवली, वर काढून ताणली.

"बघा साहेब, तार कशी धरतंय! लाडवाचा पाक जसा. पातळ तेल म्हणजे निसतं पाणी, इंजिनची वाट लागेल. वरून अर्धा लिटर गिअरचं तेल टाकतो. तुमची ती टिकटिक बंद, गाडी एकदम झकास!"

सहदेवनं मला उघडून पुढे धरलं. "साहेब, हे ट्रकला चालतं. गिरणीत आम्ही चातीला पातळ तेल द्यायचो, गिअरला जाड. फट तसं तेल. पुस्तकातपण आकडा दिलाय, हा बघा ना."

नंदकुमारांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बाळंतिणीला जास्त तूप वाढावं तशी त्यांची माया उतू चालली होती. "अरे, पुस्तकवाले थंड मुलखातून लिहितात. तू गाडी चालव, तेलाचं आम्ही बघतो. आणि बाईंना बोलू नकोस हं. उगाच कटकट."

सहदेवनं मला मिटलं. "नाही बोलणार," म्हणाला, आणि शब्द पाळला.

पहिले काही दिवस टिकटिक खरंच थांबली. नंदकुमार खूश. मला मात्र कप्प्यातून सगळं ऐकू यायचं. रोज सकाळी गाडी सुरू झाली की ते जाडजूड तेल रेंगाळत वर चढायचं आणि तोवर इंजिनाचा वरचा भाग कोरडाच घासायचा. सहदेव दोनदा नंदकुमारांना म्हणाला, "साहेब, अजून वेळ गेली नाही, बदलू या." ते हसून मान हलवायचे. मार्चमध्ये एका संध्याकाळी बाई दहिसरला एका तापलेल्या बाळाला बघायला निघाल्या होत्या. हमरस्त्यावर इंजिन कर्कश ओरडलं आणि बंद पडलं. बाई रिक्षानं गेल्या. आम्हाला ओढत मरोळच्या गाडीदुरुस्तीच्या कारखान्यात नेलं.

तिथल्या मिस्त्रीनं झाकण उघडून सांगितलं, "कुणीतरी चुकीचं तेल घातलंय. वरचा भाग सगळा खाल्ला गेलाय."

दुसऱ्या दिवशी नंदकुमार एकटेच मरोळला आले. त्यांनी कप्पा उघडला, मला बाहेर काढलं आणि उघडलं. मित्रांनो, त्या माणसानं मला पहिल्यांदा उघडलं! झालं गेलं विसरून मला आनंद झाला. म्हटलं, उशिरा का होईना, वाचतायत. ते पानं उलटत एकेचाळीसवर आले. आकडा बघितला, पेन्सिलीचा गोल बघितला. मग इकडे तिकडे बघून त्यांनी ते पान टर्रकन फाडलं.

ज्या हातांनी हळदकुंकू वाहिलं, तेच हात. मला अजून ते खरं वाटत नाही.

संध्याकाळी ते मला घेऊन घरी आले. सहदेव समोर उभा होता आणि मी टेबलावर.

"सहदेव, गाडीला तेल तुम्ही घालून आणलंत ना?" बाईंनी विचारलं.

"गाडी मी नेली होती बाई, पण..." सहदेवनं साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"मी त्याला सांगितलं होतं, पुस्तकात दिलंय तेच घाल," नंदकुमार म्हणाले. "पण ही गिरणीतली अक्कल. ऐकतो कुठे!"

सहदेवचा चेहरा उतरला. तरी तो साहेबांविरुद्ध एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, पुस्तक उघडून बघा. एकेचाळीस नंबरच्या पानावर माझी खूण आहे."

बाईंनी मला उचललं. उघडा, बाई, उघडा! पान नसलं तरी फाटलेली कड आहे, तीच बोलेल! पण बाईंनी मला तसंच खाली ठेवलं. "पुस्तकामागे लपू नका. मी तुमच्यावर विश्वास टाकला होता." सहदेवनं खिशातून किल्ल्या काढून माझ्याशेजारी ठेवल्या. माझं कव्हर एका कोपऱ्यात निसटलं होतं. ते त्यानं नीट केलं आणि तो गेला.

पुढचा दसरा आला. नव्या ड्रायव्हरचं नाव मला आठवत नाही, त्यानं मला कधी हातच लावला नाही. आदल्या दिवशी बाई देव्हारा पुसायला बसल्या आणि त्यांनी सरस्वतीची तसबीर उचलली. मागून घडी घातलेला कागद पडला. थेंबाचं चित्र, वीस-चाळीस, आणि पेन्सिलीचा गोल. पाटावर मांडण्यासाठी मला तिथेच आणून ठेवलं होतं. बाईंनी मला उघडलं, कागदाची कड माझ्या फाटक्या कडेला लावून बघितली. बरोब्बर बसली.

"हे काय आहे?" त्यांनी नंदकुमारांना विचारलं.

ते पाटाशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "तू चिडशील म्हणून फाडलं. पण छापील कागद, विद्या ती... टाकवलं नाही गं."

एका माणसाची अब्रू त्यांना टाकवली. कागद टाकवला नाही. मला त्यांची दया आली आणि किळसही आली.

बाई मला पर्समध्ये घालून तशाच दहिसरला गेल्या. चाळीत सहदेवची बायको शेवंती दारात तांदूळ निवडत होती. "कोण इली ता बघा," तिनं आत हाक मारली. सहदेव बाहेर आला. तो आता मरोळच्या एका कारखान्यात यंत्रांना तेल देत होता.

"माझं चुकलं, सहदेव," बाई म्हणाल्या. त्यांनी पान पुढे केलं. "ह्यांनी पान फाडलं होतं. तुम्ही परत या."

सहदेवनं पान घेतलं, आपली खूण बघितली. शेवंतीकडून वाटीत चार शितं मागून घेतली, बोटानं चुरडली आणि मला मांडीवर ठेवून ते पान जागच्या जागी चिकटवलं. हात तसाच होता, मऊ आणि अचूक.

"येणार नाही, बाई," तो म्हणाला. "साहेबांनी पान फाडलं, ते त्यांच्यापाशी. पण पुस्तक तुमच्या हातात होतं."

त्यानं मला बाईंच्या हातात दिलं. मला तिथेच राहायचं होतं, पण मला तोंड कुठंय?

गाडी केव्हाच विकली गेली. मी बाईंच्या दवाखान्यातल्या खणात आहे. दसऱ्याला आता मला कुणी पाटावर मांडत नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटत नाही. शितं वाळली आहेत, पान अजून घट्ट आहे. मित्रांनो, हळदकुंकू वाहून मिटून ठेवलेली पुस्तकं तुमच्याही घरात असतील. त्यांना नमस्कार करा, नाही असं नाही. पण कुणी हात जोडून सांगत असेल, 'उघडून बघा', तर तेवढं एकदा बघा. मला वाचता येणारी माणसं त्या घरात दोन होती. वाचलं मात्र त्यानं, ज्याला माझी भाषा येत नव्हती.