फळीवरची अकरा वर्षे

मित्रांनो, मला नुसते पाहिले तर तुम्हाला वाटेल, हे ओबडधोबड काळे लोखंड कशाचे? मी एका जुन्या नावेच्या इंजिनाचे हेड आहे. पातेल्यावर झाकण असते ना, तसे मी इंजिनाच्या डोक्यावर बसते. माझ्याखाली आग पेटते, आणि त्या आगीचा धूर माझ्याच कुशीतून बाहेरच्या पाइपात जातो. तो पाइप माझ्यावर चार स्टडनी आवळलेला असतो. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली बोटाएवढी पोलादी कांडी. एक टोक माझ्या पोटात, दुसऱ्यावर नट. या चारांतल्या एका कांडीपायी माझ्या आयुष्याची अकरा वर्षे गेली.

मी ओतशाळेत जन्मले. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, थंड झाल्यावर घासून-पुसून, भोके पाडून मला माझ्या इंजिनावर बसवले. तिथून आम्ही थेट एका नदीवर आलो, दोन भावांच्या नावेत. थोरला सुकाणू धरायचा आणि धाकटा माझ्याजवळ बसायचा. पहाटे हँडल फिरवताना तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "चल गं बाई, लोक थांबलेत." माझी धडधड सुरू झाली की दोन्ही काठांवरची माणसे पिशव्या उचलायची. शाळेतल्या बाई, दूधवाला, टोपल्यात कोंबड्या घेतलेली एक म्हातारी, सगळे माझ्या आवाजावर घरून निघत. नदीवर इंजिनाची नाव तेवढी आमचीच. मित्रांनो, तेव्हा मला फार मोठेपणा वाटायचा!

पण माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. धुराच्या पाइपाचे नट वर्षानुवर्षे कुणी सैल केले नाहीत की त्यांना तेलाचा थेंब दाखवला नाही. रोज तापायचे, रोज निवायचे, वरून नदीची ओल. आतल्या आत आटे गंजून माझ्या अंगाशी एकजीव झाले. मग एका पावसाळ्यात पाइपाखालची, धूर अडवणारी पट्टी जळाली आणि नावेत धूर कोंडू लागला.

नेमके दुसऱ्या दिवशी दोघा भावांच्या आईला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचे होते. तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख कितीतरी महिन्यांनी मिळाली होती. नदी भरलेली, त्यामुळे वल्ह्यांच्या होड्या बंद. आणि आईला दमा. धाकट्याच्या जिवाला चैन पडेना. संध्याकाळी त्याने पाना घेतला.

थोरला म्हणाला, "आज नुसतं तेल सोडून ठेव. उद्या जाऊ तसेच. आल्यावर सावकाश खोलू."

"तसेच? त्या धुरात आईला बसवू?"

आई दारातून म्हणाली, "अरे, एक दिवस धूर खाल्ला म्हणून मी काही मरत नाही."

धाकट्याने ऐकले नाही. तीन नट कसेबसे सुटले. चौथा हलेना. त्याने पान्याला लांब नळी लावली आणि सगळे अंग टाकले. मला त्या स्टडला पीळ बसताना जाणवत होता. ओरडता आले असते तर मी ओरडले असते. कट्ट! स्टड माझ्या पृष्ठभागाशी सपाट मोडला. नट नळीसकट खाली पडला आणि अर्धी कांडी माझ्या पोटात राहिली.

मला उतरवून टेबलावर घेतले तरी ती कांडी निघाली नाही. सकाळी नाव काठालाच बांधलेली होती. ऑपरेशन हुकले. पुढची तारीख येईपर्यंत आईचा एक डोळा गेला तो गेलाच.

ज्या दिवशी हे कळले, त्या दिवशी थोरला धाकट्याला म्हणाला, "तुला हात नाहीतच. हातोडे आहेत नुसते." धाकट्याने दोन सदरे पिशवीत भरले आणि तो दुसऱ्या गावी निघून गेला.

थोरल्याने मला घरामागच्या पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवले. एक-दोन मिस्त्री आले. "द्या, ड्रिल मारून काढतो," म्हणाले. थोरल्याने त्यांना हात लावू दिला नाही. "ज्यानं मोडलंय, तोच काढील," एवढेच बोलायचा. त्याची बायको वैतागून म्हणायची, "अहो, मग त्याला बोलवा तरी!" यावर तो उठून बाहेर जायचा. पुढे नाव त्याने इंजिनाशिवाय विकली आणि दुसऱ्याच्या नावेवर कामाला लागला. आई गेली तेव्हा धाकटा आला, दिवस झाले आणि परत गेला. दोघे एकाच सतरंजीवर बसले होते, पण बोलले ते लोकांशी.

माझे इंजिन खाली जमिनीवर उभे होते, तोंडावर फडके बांधून. आमच्यात चार हातांचे अंतर होते. इतकी वर्षे ज्याच्या धगीवर मी जगले, त्याच्याकडे फळीवरून नुसते पाहत राहायचे. भिंतीपलीकडे नदी वाहायची. दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा. त्या आवाजावर माणसे घरून निघत असतील, असे वाटून माझा जीव तुटायचा. मात्र एक सांगते. दर दोन-तीन महिन्यांनी थोरला खोलीत यायचा, मला खाली घ्यायचा आणि तेलाच्या चिंधीने पुसायचा. इंजिनालाही पुसायचा. मोडक्या स्टडवर बोट ठेवून थोडा वेळ बसायचा. मग मला परत फळीवर.

हळूहळू थोरल्याचे हात कापू लागले. एकदा पुसताना मी त्याच्या हातून निसटले आणि त्याच्या पायावर पडता पडता वाचले. त्या दिवशी त्याच्या बायकोने त्याला न विचारता फोन लावला. "भाऊजी, तुमच्या दादांना आता ते लोखंड उचलवत नाही. आणि खाली ठेववतही नाही. तुम्ही या."

धाकटा आला. कानशिले पांढरी झाली होती. इतकी वर्षे तो एका कारखान्यात इंजिने दुरुस्त करत होता. त्याने मला फळीवरून उचलले, त्या भोकाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, मी चार दिवस राहीन."

दोन दिवस त्याने मला नुसते तेल पाजले. सकाळी तेल, संध्याकाळी तेल, मध्ये छोट्या हातोडीने टिचक्या. तिसऱ्या दिवशी त्याने मोडक्या स्टडवर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोघांना जोडले. पाना लावताच नट निखळून हातात आला. दुसरा लावला, तोही निखळला. थोरला कोपऱ्यात स्टुलावर बसून पाहत होता. तीन दिवसांत त्याने तोंड उघडले नव्हते.

तिसरा नट जोडून झाला. अजून धग होती तोवर धाकट्याने मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत झिरपले, अगदी आत, जिथे इतकी वर्षे काहीच पोचले नव्हते. त्याने पाना लावला. त्याचा हात थांबला.

"आधी थोडं आवळ," थोरला म्हणाला. "एकदम सोडवायला जाऊ नकोस."

धाकट्याने मागे वळून पाहिले. मग केसभर आवळले. केसभर सोडले. पुन्हा आवळले, पुन्हा सोडले. माझ्या पोटात कुईं असा बारीक आवाज झाला.

"हललं," धाकटा कुजबुजला.

"हलू दे. घाई नाही," थोरला म्हणाला. त्याने स्टूल जवळ ओढले आणि आपले कापणारे दोन्ही हात माझ्यावर ठेवून मला घट्ट धरले.

अर्ध्या तासाने स्टड बाहेर आला. धाकट्याने तो पुसून भावाच्या तळहातावर ठेवला. थोरला त्या गंजक्या तुकड्याकडे पाहत राहिला.

"एवढंसंच होतं रे," तो म्हणाला. धाकट्याने पाना खाली ठेवला आणि तो भावाच्या शेजारी जमिनीवरच बसला. बाहेरून वहिनीने चहासाठी दोनदा हाक मारली, पण कुणी उठले नाही.

चौथ्या दिवशी मी माझ्या इंजिनावर बसले. हँडलला दोघांनीही हात लावला. पण नाव नव्हती, मित्रांनो. आता आम्ही सिमेंटच्या ओट्यावर उभे राहून वहिनीच्या भाजीच्या वाफ्यांसाठी पंपाने पाणी ओढतो. नदीचे पाणी माझ्या अगदी जवळून जाते, मी मात्र त्यावर कधी तरंगत नाही. पलीकडचा काठ अजून आठवतो. थोरल्यालाही आठवत असावा, कारण पंप चालू असताना तो तिकडे तोंड करून बसतो. धाकटा वर्षातून दोनदा येतो. आला की आधी माझे चारही नट सोडतो, आट्यांना तेल लावतो आणि पुन्हा हलक्या हाताने आवळतो.

माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. घरात एखादे यंत्र मुकाट्याने राबत असेल, तर ते बंद पडायची वाट पाहू नका. चालू आहे तोवरच त्याला उघडा, पुसा, तेल द्या. काही अडलेच, तर हात सैल सोडा आणि दोन दिवस थांबा. आणि घाईच्या भरात मोडलेच, तर ज्याच्या हातून मोडले त्याला लवकर बोलवा. आमच्या थोरल्याने फार उशीर केला.